मस्तानीला पिंग्याचं बोलावणं

आत्याच्या मंगळागौरीला मी सहा वर्षांचा होतो. रात्रीची जेवणं झाली, पुरुषमाणसं ओटीवर गेली, माजघरातली सतरंजी गुंडाळून भिंतीशी लावली आणि मधलं दार लोटलं गेलं. मी लहान, म्हणून आत राहिलो. झिम्मा झाला, फुगड्या झाल्या, लाटणं-सूप-तांब्या सगळं घेऊन खेळून झालं आणि मग पिंगा. दोघी दोघी समोरासमोर, कमरेत वाकलेल्या, पदर खोचलेले, घामानं कुंकू ओघळलेलं. ज्या बायकांना दिवसभर मान वर करून बोलताना पाहिलं नव्हतं, त्या भान हरपून घुमत होत्या. गाणं मध्येच अडलं की स्वयंपाकघराच्या दारामागून पुढची ओळ यायची. तो आवाज मोठ्या काकूंचा. त्यांना सगळी गाणी पाठ होती. त्या विधवा होत्या. पहाटेपर्यंत त्यांनी ओळी पुरवल्या, चहा करून पाठवला, पण उंबरठा ओलांडून त्या माजघरात आल्या नाहीत आणि त्यांना कोणी ‘या’ म्हटलंही नाही. पुढच्या वर्षी मला ओटीवर पाठवलं.

पिंगा म्हटलं की मला ते दार आठवतं. त्यामुळे २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ प्रदर्शित व्हायच्या आधीच काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात म्हणून महाराष्ट्रात गदारोळ उठला, तेव्हा आपण कोणत्या बाजूला आहोत हे मला बरेच दिवस नीट सांगता येत नव्हतं. पेशव्यांच्या वंशजांनी जाहीर हरकत घेतली. पेशव्यांच्या घरातल्या स्त्रिया अशा नाचत नसत, काशीबाईंना तर पायाचं दुखणं होतं, नऊवारी अशी नेसत नाहीत, बाजीरावांसारखा सेनानी ‘मल्हारी’ म्हणत असा उड्या मारेल काय, असे एकेक मुद्दे निघाले. १८ डिसेंबरला चित्रपट लागला तेव्हा पुण्यात निदर्शनं झाली, काही खेळ रद्दही करावे लागले.

त्या गाण्याला माझीही हरकत आहे. पण ती या सगळ्यांच्या नेमकी उलट आहे, आणि ती सविस्तर मांडावी असं इतक्या वर्षांनी वाटतं, कारण कादंबरीवरून काढलेल्या ऐतिहासिक प्रेमपटांकडे आपण काय मागायचं हा प्रश्न त्या वादात विचारलाच गेला नाही. प्रत्येक नव्या चित्रपटाच्या वेळी आपण पुन्हा पोशाख, नृत्य आणि अस्मिता यांवरच भांडतो.

आधी त्या गाजलेल्या आक्षेपाबद्दल. ‘घरंदाज बायका नाचत नाहीत’ हे वाक्य आपण २०१५ साली काशीबाईंच्या बचावासाठी वापरलं. हेच वाक्य १७४० साली मस्तानीच्या विरोधात वापरलं गेलं होतं. नाचते ती घरातली नव्हे आणि घरातली असेल ती नाचत नाही, या एका नियमावर त्या बाईचं पुण्यातलं सगळं आयुष्य बेतलं गेलं. मस्तानी बुंदेलखंडाच्या राजा छत्रसालांची मुलगी होती की त्यांच्या दरबारातली कलावंतीण, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. पुण्यातल्या ज्यांना ती नको होती त्यांच्या दृष्टीनं मात्र तिची जागा ठरलेली होती. तिच्या मुलाची मुंज करायला ब्राह्मण तयार झाले नाहीत. घरातल्या मुंजी-लग्नांच्या वेळी, ती वाड्यात असेल तर आम्ही येणार नाही, इथपर्यंत गोष्ट गेली. अखेर बाजीराव स्वारीवर असताना तिला अटकेत ठेवलं गेलं. ठेवणाऱ्यांत बाजीरावांचा सख्खा भाऊ चिमाजीअप्पा होता आणि काशीबाईंचा थोरला मुलगा नानासाहेब होता. नानासाहेब तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. हे सगळं घराच्या अब्रूसाठी झालं. पावणेतीनशे वर्षांनी त्याच अब्रूचा हवाला देऊन आपण चित्रपटावर चालून गेलो, आणि आपण काय बोलतो आहोत हे कोणाला टोचलंसुद्धा नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

शिवाय ते वाक्य खरंही नाही. घरंदाज बायका नाचत होत्या. दार लोटून नाचत होत्या. मंगळागौर, भोंडला, नागपंचमी हे बायकांचे घुमायचेच दिवस. प्रश्न नाचण्याचा कधी नव्हताच, कोणासमोर आणि कोणाबरोबर याचा होता. पिंगा हे रिंगण आहे आणि त्याला बोलावणं लागतं. मंगळागौरीला वशेळ्या बोलवायच्या त्या सवाष्ण, नव्यानं लग्न झालेल्या, आपल्यातल्या. मोठ्या काकू आमच्याच घरच्या, आमच्याच जातीच्या, तरी त्यांना बोलावणं नव्हतं. मग मस्तानीला कुठून येणार?

माझी हरकत इथे सुरू होते. चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकमेकींच्या बरोबरीनं पिंगा घालतात तेव्हा काशीबाईंची अप्रतिष्ठा होत नाही. अन्याय मस्तानीवर होतो. जे रिंगण तिला कधीच खुलं नव्हतं, ते पाच मिनिटांच्या गाण्यात खुलं होतं, प्रेक्षक म्हणून आपल्याला बरं वाटतं, आणि गाणं संपलं की पुन्हा तिला साखळदंडात घालायची तयारी सुरू होते. ज्या बाईच्या हातात हात घालून घरची मालकीण पिंगा घालते, तिला कैद करायचं कारणच उरत नाही. एकदा ती आत आली की गोष्ट संपली. म्हणून मग पुढचा छळ कारस्थानी माणसांच्या माथी मारावा लागतो. एक दुष्ट भट, एक संतापी सासू, एक रागावलेला मुलगा. चार माणसं वाईट होती म्हणून हे घडलं, असं म्हणत आपण घरी जातो.

ऐतिहासिक प्रेमकथा आणि आजची प्रेमकथा यांत फरक कशाचा? प्रेमाचा नाही. तळमळ तीच, रुसवा तोच, वाट पाहणं तेच. फरक असतो तो अडसराचा. दोन माणसांच्या मध्ये काय उभं होतं, यातच तो सगळा काळ असतो. पैठणीचा काठ, समया, झुंबरं, पालख्या या गोष्टी त्या काळच्या खऱ्याच, पण काळ त्यांच्यात नसतो. अडसर पातळ केला की उरतात ती आजची दोन माणसं, भाड्यानं आणलेल्या दागिन्यांतली. म्हणून कादंबरीवरून चित्रपट काढणाऱ्यानं प्रसंग गाळावेत, पात्रं जोडावीत, शेवट बदलावा, माझी तक्रार नाही. त्यानं अडसराशी इमान राखावं, एवढंच माझं मागणं आहे.

हा चित्रपट जिच्यावर आधारला ती ‘राऊ’ ही ना. सं. इनामदारांची कादंबरी १९७२ सालची. इनामदारांच्या कादंबऱ्यांचे नायक पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. ‘झेप’ त्र्यंबकजी डेंगळ्यांवर, ‘मंत्रावेगळा’ दुसऱ्या बाजीरावावर, ‘शहेनशहा’ औरंगजेबावर, ‘शिकस्त’ पानिपतात बेपत्ता झालेल्या सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंवर. मराठी मनानं ज्यांचा निकाल आधीच लावून टाकला होता किंवा ज्यांच्याकडे पाठ फिरवली होती, अशा माणसांची बाजू ऐकून घ्यायची हा त्यांचा ध्यास होता. मस्तानी त्याच रांगेतली. तिच्या नावानं पुण्यात काय उरलं होतं? दिवेघाटाच्या पायथ्याशी एक तलाव, शनिवारवाड्याला एक दरवाजा, आणि आइस्क्रीम घातलेल्या दुधाचा एक उंच ग्लास. कोणी तिच्याबद्दल बरं बोलत नसे, वाईटही कुजबुजीतच. त्या कुजबुजीच्या जागी एका मराठी लेखकानं शेकडो पानांची सुनावणी उभी केली, ही मोठी गोष्ट होती. आमच्या वाचनालयातल्या ‘राऊ’च्या प्रतीची शिवण सुटलेली होती, पुठ्ठ्याला खाकी कागद होता आणि मागच्या चिठ्ठीवर तारखांच्या शिक्क्यांना जागा उरली नव्हती. ती प्रत बहुतेक बायकाच नेत, असं तिथले ग्रंथपाल सांगायचे.

आता या कादंबरीचा चित्रपटाला उपयोग कसा होतो ते पाहण्यासारखं आहे. इतिहासाची माणसं हरकत घेतात तेव्हा सांगितलं जातं की हा इतिहास नाही, कादंबरीवर आधारलेली कलाकृती आहे. कादंबरीचे वाचक विचारतात की हे कादंबरीत कुठे आहे, तेव्हा उत्तर मिळतं की दिग्दर्शकाला स्वातंत्र्य असतं. दोन्ही वेळा कादंबरी पुढे केली जाते आणि दोन्ही वेळा तिला बाजूला सारलं जातं. श्रेयनामावलीत एक ओळ आणि गरज पडेल तेव्हा ढाल, एवढंच तिच्या वाट्याला येतं. हे फक्त या चित्रपटाचं नाही, पण इथे ते ठळक दिसतं.

याच दिग्दर्शकानं, संजय लीला भन्साळींनी, २००२ साली ‘देवदास’ काढला होता. शरच्चंद्रांच्या १९१७ च्या कादंबरीत पार्वती आणि चंद्रमुखी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. चित्रपटात पारो दुर्गापूजेसाठी चंद्रमुखीच्या अंगणातली माती घ्यायला जाते, तिला पूजेचं आमंत्रण देते, आणि दोघी पांढऱ्या-लाल साड्यांत मिळून नाचतात. तेरा वर्षांच्या अंतरानं तीच कल्पना पुन्हा आली. घरची बाई आणि बाहेरची बाई, दोघींचा पुरुष एक, आणि दोघींना एका तालावर आणणारं गाणं. दिग्दर्शकाची इच्छा वाईट नाही. दोन बायकांनी एकमेकींचा द्वेष करू नये, एकमेकींचं दुःख ओळखावं, असं त्याला वाटतं, आणि ते आजच्या प्रेक्षकालाही वाटतं. मलाही वाटतं. पण ज्या समाजानं त्या दोघींना एकमेकींची तोंडंसुद्धा पाहू दिली नाहीत, त्याच्याकडून हे घडवून आणलं की त्या समाजाची आयतीच सुटका होते.

१९५५ साली बिमल रॉय यांनी हाच पेच कसा सोडवला ते आठवावं. त्यांनीही कादंबरी सोडून दोघींना समोरासमोर आणलं. रस्ता आहे, पालखीत पारो आहे, पायी चाललेली चंद्रमुखी आहे. सुचित्रा सेन आणि वैजयंतीमाला. दोघी क्षणभर एकमेकींकडे पाहतात, एक शब्द बोलत नाहीत, आणि पालखी पुढे जाते. एक पालखीत आहे, एक धुळीत आहे, आणि ही कोण हे विचारण्याची सोय दोघींनाही नाही. प्रसंग कादंबरीत नाही, तरी तो कादंबरीशी प्रामाणिक आहे. मला म्हणायचं आहे ते याहून सोपं करून सांगता येत नाही.

‘देवदास’चीच आणखी एक गोष्ट. देवदासचं घर पार्वतीला का नाकारतं? शरच्चंद्रांनी कारण स्पष्ट लिहिलं आहे. तिचं घराणं ‘बेचा-केना’, म्हणजे मुलीच्या लग्नात पैसे घेणारं, म्हणून हलकं, आणि शिवाय शेजारघरी सोयरीक नको. जात तीच, पण जातीच्या आत पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांना पैशाचा हिशेब. शेवटी तो पार्वतीच्या सासरच्या दाराशी मरून पडतो तेव्हा त्याची जात ठाऊक नाही म्हणून गावातलं कोणी प्रेताला शिवत नाही. चांडाळ ते नेतात, अर्धवट जाळून टाकतात. जमीनदाराच्या मुलाची ही अखेर. ज्या उच्चकुलीनतेपायी पार्वती नाकारली गेली, ती मरताना त्याच्या कामी आली नाही. हे पान वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. २००२ च्या चित्रपटात पारो लांबच लांब पदर सावरत हवेलीच्या जिन्यांवरून धावते आणि भव्य दार तिच्या तोंडावर बंद होतं. दृश्य देखणं आहे यात वाद नाही. पण त्या अर्धवट जळलेल्या प्रेताची त्यात कुठे दाद लागत नाही.

भव्यतेनं नुकसान होतं ते हेच, आणि ते केवळ सौंदर्यदृष्टीचं नाही. ‘बाजीराव मस्तानी’तला आईनामहाल आठवा. छतभर आरसे, प्रत्येक आरशात नाचणारी मस्तानी. आता खरा शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० रोजी काम सुरू झालं, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली, आणि खर्च आला १६,११० रुपये. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती, पण हा काही दिल्लीच्या बादशहाचा महाल नव्हता. बाजीराव तर आयुष्यभर कर्जात होते. फौज उभी करायची ती सावकाराच्या पैशावर, शिलेदारांच्या बाक्या थकलेल्या, आणि मोहिमेतून आलेला पैसा येण्याआधीच संपलेला. आपले गुरू धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना त्यांनी लिहिलं आहे की मी कर्जाच्या नरकात पडलो आहे, सावकार आणि शिलेदारांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी झिजली. या अर्थाचं पत्र लिहिणारा माणूस तो. आणि ज्यांना लिहिलं ते स्वामीही त्यांचे धनकोच.

काशीबाई कोण होत्या? चासच्या जोशांची मुलगी. माहेर सावकारीचं. उत्तरेत मोहिमा काढणारा कर्जबाजारी पेशवा आणि सावकाराघरची त्याची बायको, हे नातं काय असेल, त्यात अबोला कसा असेल, कोण कोणाच्या उपकाराखाली असेल, मस्तानी आल्यावर चासला काय वाटलं असेल आणि त्याची झळ वाड्यातल्या कोणाकोणाला लागली असेल? हा माझा तर्क आहे, कागदोपत्री पुरावा नव्हे. पण कादंबरीकार आणि पटकथाकार यांचं काम इथूनच सुरू व्हायला हवं. प्रेमकथेत पैसा आला की ती हलकी होते असा आपला समज आहे. उलट पैसा आला की ती खरी वाटायला लागते. लांबच लांब दौडी, बुंदेलखंडात मोगल सरदार बंगशाच्या वेढ्यातून म्हाताऱ्या छत्रसालांची सुटका, निजामाला पालखेडला कोंडीत पकडणं, हे सगळं करणारा माणूस रात्री तंबूत बसून हप्त्यांचा हिशेब करतो आहे, आणि त्याच रात्री त्याला मस्तानीची आठवण येते आहे. मला हा बाजीराव पाहायचा होता. आरशांच्या महालात तो मावत नाही.

चित्रपटानं एक गोष्ट मात्र विलक्षण केली आहे आणि ती न सांगणं अन्यायाचं होईल. तन्वी आझमींची राधाबाई, म्हणजे बाजीरावांची आई. केशवपन केलेलं डोकं, अंगावर विधवेचं लुगडं, आवाजात जरब. त्यांनी या भूमिकेसाठी खरोखर डोक्याचं मुंडण केलं, आणि त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते योग्यच झालं. ती बाई पडद्यावर आली की आरसे, झुंबरं सगळं मागे पडतं. जिचे स्वतःचे केस या नियमानं उतरवले, तीच हा नियम दुसरीवर चालवते. मस्तानीला आत घेतलं तर आपण जे सोसलं ते कशासाठी सोसलं, हा प्रश्न तिला स्वतःलाच विचारावा लागेल. हे संवादात कुठे नाही, पण त्या डोक्याकडे पाहिलं की कळतं. मला राधाबाई पाहताना मोठ्या काकू आठवल्या. त्या कधी कठोर झाल्या नाहीत, दारामागून गाणीच पुरवत राहिल्या, पण उंबरठा दोघींचा एकच. एका पात्राच्या बाबतीत हा दिग्दर्शक अडसराला हात घालू शकतो, मग सबंध चित्रपटात का नाही?

यावर मला नेहमी दोन उत्तरं मिळतात. पहिलं असं की चित्रपट हे वेगळं माध्यम आहे, अडीच तासांत सगळं बसत नाही, आणि हिंदी चित्रपटाला गाणं लागतं. मान्य. पण ‘साहिब बीबी और गुलाम’ही गाण्यांचाच चित्रपट होता. बिमल मित्रांच्या जाडजूड कादंबरीवरून १९६२ साली तो निघाला. त्यातली हवेलीही भव्य आहे. पण चित्रपट सुरू होतो तोच ती पाडताना. कुदळी चालल्या आहेत आणि देखरेख करणारा ओव्हरसियर भूतनाथ आहे, जो कधीकाळी तिथे आश्रयाला आला होता. त्यानंतर दिसणारी प्रत्येक मैफल, प्रत्येक उधळपट्टी आपण पडक्या भिंती आठवत पाहतो. घड्याळांत रमलेला तो घडीबाबू, रात्र रात्र बाहेर राहणारे मालक, आणि नवऱ्याला घरात धरून ठेवण्यासाठी दारू प्यायला लागलेली छोटी बहू. तिचा अडसर म्हणजे ती हवेलीच. शेवटी ढिगाऱ्याखाली सांगाडा सापडतो, मनगटात कंगन. मीनाकुमारींचा चेहरा आपण पाहिलेला असतो, म्हणून तो सांगाडा पाहवत नाही. गाणी होती, सौंदर्य होतं, लोकप्रिय नट होते, आणि जमीनदारी कशी माणसं खाते हेही होतं. तेव्हा माध्यमाची सबब चालणार नाही.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. प्रेक्षक जुन्या काळात जातो तो विसाव्यासाठी, त्याला वंशावळी, कर्ज आणि सोवळं-ओवळं कशाला दाखवायचं? २००५ च्या ‘परिणीता’नं हाच विचार केला असावा. शरच्चंद्रांची १९१४ ची कथा १९६२ च्या कलकत्त्यात आणली, गहाण पडलेलं घर ठेवलं, पण मूळ कथेतली दुसरी भिंत गेली. मूळ कथेत ललिताचे मामा मुलींच्या लग्नखर्चानं आणि जातभाईंच्या जाचानं पिचून ब्राह्मो समाजात जातात, आणि दोन शेजारघरांमधली ये-जा तुटते. चित्रपटात नायक हातोडा घेऊन खरीखुरी विटांची भिंत फोडतो आणि पलीकडे जातो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही तेव्हा आनंदलो होतो. विटांची भिंत फोडता येते हे पाहायला छान वाटतं.

पण विसाव्याला गेलेला प्रेक्षक तिथून काहीतरी घेऊन परततो. आपल्याकडे बहुतेकांचा इतिहास शाळेनंतर चित्रपटांतूनच पुढे जातो. पेशवाई म्हणजे आरशाचे महाल, बंगाल म्हणजे लाल काठाच्या साड्या, लखनौ म्हणजे मुजरा, अशी चित्रं मनात बसतात. मग ‘तो काळ किती सुंदर होता’ असं सहज तोंडून निघतं. लग्नांचे मांडव आईनामहालासारखे सजतात, नवऱ्यामुली मस्तानीसारखा पेहराव करतात. आणि त्याच आठवड्यात, त्याच मांडवाबाहेर, परजातीत लग्न केलं म्हणून एखाद्या मुलीशी घरच्यांनी बोलणं टाकलेलं असतं. मी हे जवळून पाहिलं आहे. मुलीचं नाव पत्रिकेवरच्या किलबिलीतून गाळलं होतं. तिच्या चुलतबहिणीच्या संगीतात सगळ्यांनी मिळून ‘पिंगा’वर नाच बसवला होता, आणि ती तीन गल्ल्या सोडून स्वतःच्या घरी होती. त्या मुलींपैकी एकीलाही या गाण्याचा आणि आपल्या बहिणीचा काही संबंध आहे असं वाटलं नाही. कसं वाटणार? त्या गाण्यात तर मस्तानीला बोलावणं आलेलं आहे.

म्हणून मला बंदीच्या मागण्या मुळीच पटत नाहीत, आणि वंशजांना, संघटनांना किंवा कोणत्याही पक्षाला पटकथा तपासायचा हक्क असावा हे तर नाहीच नाही. ज्यांना घराण्याची अब्रू सांभाळायची आहे त्यांच्या हाती कात्री दिली तर पहिली कापली जाईल ती मस्तानीच. बाजीराव उरतील, पालखेड उरेल, घोडदौड उरेल, आणि ती बाई पुन्हा कुजबुजीत जाईल. इनामदारांनी लिहिलं ते कोणाची परवानगी काढून नव्हे. चित्रपटवाल्यालाही तीच मोकळीक हवी. पण मोकळीक आहे म्हणून आम्ही प्रश्न विचारायचे नाहीत असं होत नाही, आणि आम्ही वाचकांनी आजवर विचारलेले प्रश्न फार किरकोळ होते. नऊवारीच्या निऱ्या चुकल्या हे आम्हाला लगेच दिसलं.

पाबळ पुण्यापासून साठएक किलोमीटरवर आहे. हे गाव मस्तानीला इनाम होतं आणि तिची कबर तिथे आहे. मी गेलो तेव्हा दुपार होती, आवारात दुसरं कोणी नव्हतं. साधी, बुटकी कबर. तिला कोणी मजार म्हणतं, कोणी समाधी. बाजीरावांची समाधी तिथून किती तरी दूर, नर्मदेकाठी रावेरखेडीला, जिथे २८ एप्रिल १७४० रोजी ते गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मस्तानी गेली. चित्रपट दोघांचे श्वास एकाच क्षणी थांबवतो आणि संपतो. इतक्या मोठ्या प्रेमाला तसा शेवट द्यावासा वाटणं मी समजू शकतो.

पण पाबळला उभं राहिल्यावर मला सारखा त्यांचा मुलगा आठवत होता. समशेरबहादूर. आधीचं नाव कृष्णराव. आईबाप गेले तेव्हा सहा वर्षांचा. काशीबाईंनी त्याला सांभाळलं असं सांगतात. पुढे तो पेशव्यांच्या फौजेतून लढला, १७६१ साली पानिपतावर जखमी झाला आणि सूरजमल जाटाच्या मुलखात जाऊन वारला, सत्ताविसाव्या वर्षी. त्याच्या वंशजांनी बांद्याची नवाबी चालवली.

म्हणजे १७४० नंतर त्या वाड्यात विधवा काशीबाई होत्या, राधाबाई होत्या, आणि एक सहा वर्षांचा मुलगा होता, ज्याची मुंज होणार नव्हती. रोज दोन वेळा पंगत बसत असेल. घरच्या मुलांचे पाट मांडले जात असतील. त्याचा पाट कुठे मांडायचे? रांगेत, रांगेच्या टोकाला, की दाराच्या पलीकडे? आणि तो पाट कोण मांडायचं, काशीबाई स्वतः?

कोणी या घराण्यावर पुन्हा चित्रपट काढणार असेल, तर त्यानं त्या पाटापासून सुरुवात करावी.